जलरंग पुन्हा पुन्हा मळतात? चिखल ताटलीत होतो, पाण्यात की कागदावर, ते आधी शोधा

नागपूरच्या फुटाळा तलावावरचा सूर्यास्त काढलेलं चित्र एका काकांनी परवा क्लासमध्ये माझ्यासमोर ठेवलं. "ताई, पुन्हा तसाच मळून गेला पाहा जी," म्हणाले, "रंग तर यावेळी नवीन आणले होते." वरचं निळं आकाश छान उतरलं होतं. तलावाच्या पलीकडच्या काठाला टेकलेला केशरीही स्वच्छ होता. पण दोघांच्या मधला चार बोटांचा पट्टा गढूळ, थोडा हिरवट, थोडा करडा. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांचा जांभळा असाच गेला होता आणि त्याआधी संत्र्याची सावली.

जलरंग नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची हीच तक्रार असते आणि त्यावर बहुतेकांनी शोधलेला उपायही एकच असतो: आणखी ट्यूबा. बाराचा सेट असेल तर अठराचा आणायचा, अठराचा असेल तर चोवीसचा. मला अनुभव उलटा आला आहे. ट्यूबा कमी केल्या की चिखल कमी होतो, कारण मग प्रत्येक जोडी ओळखीची होते. सहा ट्यूबांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात १५. अठरा ट्यूबांच्या होतात १५३. पंधरा जोड्या एका संध्याकाळी करून बघता येतात. १५३ कुणी करून बघत नाही, आणि न बघितलेली जोडीच ऐन चित्रात दगा देते.

तरी आजच ट्यूबा बाजूला काढायला घेऊ नका. मळका रंग तीन ठिकाणी तयार होऊ शकतो: ताटलीत, पाण्यात किंवा कागदावर. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. चुकीच्या जागी उपाय केला की महिनाभर मेहनत करूनही फरक पडत नाही, आणि माणूस "आपल्याला जमत नाही" असं म्हणून ब्रश ठेवून देतो. असे ब्रश ठेवलेले लोक मी पाहिले आहेत, त्याचं वाईट वाटतं. म्हणून आधी ही पाच मिनिटांची तपासणी.

चित्रातला जो रंग मळला, तोच रंग नव्याने बनवा. पांढरी चिनीमातीची बशी घ्या, ब्रश स्वच्छ धुवा, पाणी ताजं घ्या. त्याच ट्यूबा, तसंच प्रमाण. चित्र काढलं त्याच कागदाच्या कोरड्या तुकड्यावर एकच फटकारा मारा आणि हात काढून घ्या. पुसू नका, पुन्हा फिरवू नका. वाळू द्या.

वाळल्यावरही तो फटकारा मळकाच दिसला तर चिखल ताटलीत आहे, म्हणजे जोडी चुकते आहे. फटकारा स्वच्छ आला तर आता तोच रंग चित्र काढताना वापरलेल्या पाण्यात आणि त्याच ब्रशने बनवून दुसरा फटकारा मारा. हा मळला तर दोष पाण्याचा. हाही स्वच्छ असेल तर ताटली आणि पाणी दोन्ही निर्दोष आहेत, चिखल कागदावर होतो आहे, तुमच्या हाताने आणि घाईने. काकांच्या सूर्यास्तात तिसरा प्रकार होता. जांभळ्यात पहिला.

ताटलीतला चिखल

काकांना जांभळा हवा होता. निळा म्हणून त्यांनी अल्ट्रामरीन घेतला, लाल म्हणून वर्मिलियन. शाळेत आपण सगळेच शिकलो, निळा अधिक लाल म्हणजे जांभळा. गणित बरोबर, पण कोणता निळा आणि कोणता लाल ते शाळेत कुणी सांगितलं नाही.

रंगाची पूड, म्हणजे पिग्मेंट, प्रकाश खाते. पांढऱ्या उजेडातला काही भाग ती गिळते, उरलेला परत पाठवते, आणि परत आलेला भाग आपल्याला रंग म्हणून दिसतो. वर्मिलियन हा केशरीकडे झुकलेला लाल. तो निळा प्रकाश जवळपास सगळा खातो. अल्ट्रामरीन निळा परत पाठवतो आणि लाल-पिवळ्यातलं बरंचसं खातो. दोघं एकत्र आले की एकाने परत पाठवलेलं दुसरा गिळतो आणि हाती तपकिरी-करडं काहीतरी उरतं. क्रिमसन हा लाल वेगळा आहे. तो लालाबरोबर थोडा निळाही परत पाठवतो, म्हणजे जांभळ्याकडे झुकलेला आहे. अल्ट्रामरीनमध्ये वर्मिलियनच्या जागी क्रिमसन घातला की तोच जांभळा लख्ख येतो. काकांनी समोर करून बघितला आणि दोन मिनिटं बशीकडे बघतच राहिले.

याच हिशेबाने मी सहा ट्यूबा ठेवायला सांगते. प्रत्येक मूळ रंगाचे दोन भाऊ, एक इकडे झुकलेला, एक तिकडे. पिवळ्यात लेमन यलो हिरव्याकडे झुकतो आणि गँबोज केशरीकडे. लालात वर्मिलियन किंवा स्कार्लेट केशरीकडे, क्रिमसन जांभळ्याकडे. निळ्यात प्रशियन ब्लू हिरव्याकडे, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे. झळझळीत मिश्रण हवं असेल तर एकमेकांकडे तोंड केलेले दोघे घ्या. लेमन यलो आणि प्रशियनचा हिरवा भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीसारखा कोवळा, चमकदार येतो. गँबोज आणि वर्मिलियनचा केशरी पळसाच्या फुलाला शोभेल असा पेटतो. अल्ट्रामरीन आणि क्रिमसनचा जांभळा आपण पाहिलाच.

एकमेकांकडे पाठ केलेले दोघे घेतले तर रंग दबतो. पण दबलेला रंग वाईट, असं मुळीच समजू नका. गँबोज आणि अल्ट्रामरीनचा हिरवा ऑलिव्हसारखा, धुळकट येतो आणि एप्रिलमधल्या बाभळीला किंवा सेमिनरी हिल्सच्या सुकत चाललेल्या झाडीला तोच लागतो. तिथे बांधीचा कोवळा हिरवा लावला तर चित्र खोटं वाटतं. तुम्ही ठरवून दबवलेला रंग राखाडी, न ठरवता दबला तो चिखल. बशीत दोन्ही सारखेच दिसले तरी चित्रात फरक कळतो, कारण ठरवून लावलेल्या राखाडीच्या शेजारी तुम्ही एखादा स्वच्छ रंग जागा ठेवून लावलेला असतो.

आता ताटलीतल्या चिखलाची दोन कारणं अशी सांगते, जी ट्यूबवरचं रंगाचं नाव वाचून कळत नाहीत.

पहिलं ट्यूबच्या आतच असतं. सेटमधला सॅप ग्रीन बहुधा एकाच पुडीचा नसतो, दोन-तीन पुड्या मिसळून बनवलेला असतो. नावापुढे 'ह्यू' लिहिलेले रंगही पुष्कळदा असेच. म्हणजे तुम्ही "दोनच रंग मिसळले" म्हणता तेव्हा प्रत्यक्षात पाच पुड्या एकत्र आलेल्या असू शकतात. चांगल्या ट्यूबेवर बारीक अक्षरांत पुडीचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. अल्ट्रामरीनचा पीबी २९, प्रशियनचा पीबी २७. एकच क्रमांक असलेली ट्यूब मिसळायला निर्धोक. दोन-तीन क्रमांक असतील तर ती ट्यूब एकटीच वापरा, दुसऱ्यात ओतू नका. विद्यार्थ्यांच्या स्वस्त सेटवर हे क्रमांक अनेकदा नसतात. तिथे इलाज एकच, हिरवे आणि तपकिरी रंग शक्यतो स्वतः बनवायचे.

दुसरं कारण आपल्या शाळेतून येतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा दिलेल्या आपल्यासारख्यांचा हात पोस्टर कलरवर बसलेला असतो. पोस्टरमध्ये रंग फिका करायचा म्हणजे पांढरा घालायचा, गडद करायचा म्हणजे काळा. ती सवय तिथे बरोबर आहे. जलरंगात उजेड कागदाच्या पांढऱ्यातून परत येतो, म्हणून फिका करायला पाणी लागतं. पांढरा रंग घातला की तो झिरपणारा उजेड अडतो आणि रंग खडूसारखा निस्तेज होतो. काळ्याचं आणखी वाईट. काळा आणि पिवळा मिसळून बघा, शेवाळी हिरवा येईल. संत्र्याच्या केशरीत पिवळा आहेच, म्हणून सावलीसाठी काळा घातला की फळ कुजल्यासारखं दिसतं. काकांच्या संत्र्याचं हेच झालं होतं. सेटमधल्या पांढऱ्या आणि काळ्या ट्यूबा निदान सहा महिने दुसऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

मग गडद कसं करायचं? सातवी ट्यूब घ्या, बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोघांतून इतके राखाडी निघतात की मला नवल वाटणं अजून थांबलेलं नाही. निळा जास्त घातला तर पावसाळी ढग, सिएना जास्त तर ऊन पडलेली मातीची भिंत, दोन्ही घट्ट आणि समसमान घेतले तर जवळजवळ काळा. हे दोन्ही रंग आपल्या घरातले जुने ओळखीचे आहेत. पांढऱ्या कपड्यांना आई घालायची ती पावडरची नीळ म्हणजे अल्ट्रामरीनच. पूर्वी हा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून काढत, म्हणून तो सोन्याच्या भावाचा होता. १८२८ च्या सुमारास युरोपात तो कृत्रिम रीतीने करता येऊ लागला आणि मग स्वस्त होत होत धुण्याच्या बादलीपर्यंत पोचला. बर्न्ट सिएना म्हणजे लोहाचा अंश असलेली माती भाजून केलेला रंग, आपल्या गेरूचा भाऊबंद. बादलीत नीळ घालून थोडा वेळ गेला की ती तळाला बसायची, आठवतं? तिचे कण पाण्यात विरघळत नाहीत. तेच कागदावर होतं. नीळ कागदाच्या खळग्यांत बसते, गेरूचा तांबूसपणा भोवती पसरतो, आणि राखाडीत दोन्ही रंग वेगवेगळे हलताना दिसतात. ट्यूबमधल्या तयार राखाडीत हे कधी दिसणार नाही.

प्रमाणाबद्दल एकच सांगते, पण ते नीट ऐका. नेहमी फिक्या रंगात गडद रंग घाला, तोही ब्रशच्या टोकाने. प्रशियन ब्लू फार जोरकस आहे. निळ्याच्या ढिगात पिवळा घालत बसलात तर अर्धी ट्यूब संपेल आणि हिरवा दिसायला लागेपर्यंत ताटली भरून जाईल. पिवळ्यात निळ्याचा ठिपका घाला. कमी पडला तर आणखी ठिपका.

आणि मिसळायचं ते पांढऱ्या बशीत, दिवसाच्या उजेडात. स्टीलच्या ताटलीत रंग खरा दिसत नाही. रात्री पिवळ्या दिव्याखाली केलेला निळा सकाळी दचकवतो.

पाण्यातला चिखल

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. दोन बरण्या ठेवा. पहिलीत ब्रश खळखळून धुवायचा, दुसरीतलं पाणी फक्त रंगात मिसळायला. दुसरीचा रंग चहासारखा दिसायला लागला की उठा आणि बदला. पिवळ्याला तर अजिबात दया दाखवू नका. लेमन यलो घ्यायच्या आधी पाणी ताजंच हवं, कारण त्यात निळ्याचा अंश आला तरी तो हिरवट होतो. ब्रश धुतल्यावर फडक्याला टेकवून बघा. फडक्यावर रंग उमटला तर ब्रशच्या मुळाशी, पत्र्याच्या आत, अजून रंग आहे.

कुणाकडे बोअरचं जड पाणी असतं. त्यात अल्ट्रामरीनचे कण जरा जास्त गोळा होऊन दाणेदार दिसतात. हा दोष नव्हे, पण गुळगुळीत आकाश हवं असेल तर त्या दिवशी फिल्टरचं पाणी घ्या.

कागदावरचा चिखल

आता काकांचा सूर्यास्त. इथे दोन चुका एकमेकींत गुंतल्या होत्या.

वरून अल्ट्रामरीन उतरत आला, खालून केशरी चढत गेला आणि दोघं मधे भेटले. केशरी म्हणजे पिवळा आणि लाल. त्यात निळा आला की तिन्ही मूळ रंग एका जागी जमले आणि एकमेकांचा प्रकाश गिळून बसले. यात ट्यूब बदलून काहीच होणार नाही. इथे लागतो मधला रंग, पुलासारखा. केशरीच्या वर क्रिमसन पातळ करून लावा. केशरी आणि क्रिमसन मिळून कोवळा लाल होतो. क्रिमसनच्या वर अल्ट्रामरीन आणा, तिथे जांभळा होतो. आता खालून वर केशरी, गुलाबी, जांभळा, निळा असा उतार तयार झाला आणि केशरी-निळ्याची गाठच पडली नाही. फुटाळ्याच्या काठावर हिवाळ्यात संध्याकाळी उभं राहून बघा, आकाशही हेच करतं. तिथे निळा म्हणून प्रशियन घेऊ नका. तो हिरव्याकडचा आहे, गुलाबीशी त्याचं जमत नाही.

संत्र्यातही हाच पूल लागतो. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरच्या सुमारास संत्रा मार्केटमध्ये यायला लागतात तेव्हा बरीचशी हिरवट-पिवळी असतात, एकाच फळावर देठाकडे हिरवं आणि पोटाकडे केशरी. हिरवा आणि केशरी थेट टेकवले की मधे तपकिरी डाग येतो आणि फळाला मार लागल्यासारखं दिसतं. दोघांच्या मधे गँबोज ठेवा. हिरवा गँबोजमध्ये विरतो, गँबोज केशरीत विरतो. सावलीकडे त्याच केशरीत क्रिमसन वाढवत जा, आणि टेबलाला टेकतं तिथे अगदी शेवटी अल्ट्रामरीनचा ठिपका. टेबलावर पडलेली सावली मात्र अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची, थोडी निळसर.

काकांची दुसरी चूक वेळेची होती. ही समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण ती शब्दांत कळत नाही, बोटांना कळावी लागते. लावलेला रंग तीन अवस्थांतून जातो. आधी पाणी चमकतं. मग चमक जाते, पण कागद ओलसर असतो. मग कोरडा. चमकत असताना दुसरा रंग सोडला तर तो सुंदर पसरतो. पूर्ण कोरडा झाल्यावर दुसरा थर दिला तर खालचा दिसत राहतो, वरचा त्यावर काचेसारखा बसतो. मधल्या अवस्थेत हात लावला की खालचा अर्धवट बसलेला रंग उखडतो, वरच्यात मिसळतो, कडा फुलकोबीसारख्या फुटतात, आणि ते झाकायला आपण पुन्हा ब्रश फिरवतो. कागदावरचा बहुतेक चिखल या एका अवस्थेतला. कळत नसेल तर हाताची मागची बाजू कागदाला हलकी टेकवा. गार लागला तर अजून ओलसर आहे. थांबा.

नागपुरात हे जास्त का घडतं, तर आपली हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना, नवतपात, चमक जाते कधी तेच कळत नाही. डावीकडचं आकाश लावून उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचं मधल्या अवस्थेत गेलेलं असतं. मग त्यावर दुसरा हात आणि चिखल. कूलरसमोर बसून काढणाऱ्यांचं आणखी वेगळं होतं. कूलरच्या बाजूची कड आधी सुकते, दुसरी बाजू ओलीच राहते, आणि एकाच वॉशमध्ये, म्हणजे एका दमात पसरलेल्या पातळ थरात, दोन अवस्था. कूलरकडे पाठ करून बसा, किंवा वॉश लावेपर्यंत दोन मिनिटं तो बंद ठेवा. मी उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठमध्येच मोठे वॉश लावते, कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करून बोर्डावर चिकटवते, आणि लागणारे सगळे रंग बशीत आधीच भरपूर बनवून ठेवते. वॉश अर्ध्यात असताना रंग संपला, नवीन बनवायला दोन मिनिटं गेली, की खेळ संपला.

पावसाळ्यात उलट. ऑगस्टमध्ये ती मधली अवस्था संपतच नाही, कधी कधी वीस-वीस मिनिटं. तेव्हा संयमाची परीक्षा होते. हेअर ड्रायर असेल तर लांबून फिरवा, पण पाणी चमकत असताना नको. हवेने पाणी ढकललं जातं आणि रंगाच्या रेघा उठतात.

ओलाव्याचा मेळ घालायला मी स्वयंपाकघरातली मापं वापरते. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा पातळ, ताकासारखा मध्यम, दह्यासारखा घट्ट. कागदावर जे आधी आहे त्याहून घट्ट काहीतरी घातलं तर ते टिकतं. ताकावर दही चालतं. दह्यावर तांदळाचं पाणी ओतलं की फुटतं. पाणी चमकत असलं तरी हा नियम मोडू नका.

आणि ब्रश किती वेळा फिरवायचा? एका जागी तीनदा. चौथ्यांदा हात गेला की उचला. मला माहीत आहे, हात थांबत नाही. माझाही पहिली दोन वर्षं थांबत नव्हता.

कागदच खराब असेल तर

कधी वरचं सगळं बरोबर करूनही रंग मेल्यासारखा दिसतो. गढूळ नसतो, पण आत शोषला गेलेला, निर्जीव. पुष्कळांना हाही चिखलच वाटतो. कागदावर रंग वर धरून ठेवायला एक लेप असतो, सायझिंग. ओलाव्यात कागद महिनोन्‌महिने पडला की तो लेप बिघडतो. पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेल्या कागदांचं हे होतं. कोपऱ्यात स्वच्छ पाण्याचा थेंब टाका. थेंब वर थांबला तर कागद ठीक. लगेच शोषला जाऊन गडद ठिपका पडला तर लेप गेला. तो कागद पेन्सिलला वापरा, रंगाला नको. नवीन कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, वरच्या कप्प्यात ठेवा.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) आणि कॉटनचा असेल तर बराच त्रास वाचतो. साधी ड्रॉइंग शीट दोनदा ओली केली की तिचे तंतू सुटून गोळ्या येतात आणि त्या गोळ्यांत रंग अडकतो. कॉटन महाग आहे, ते खरं. मग तेवढ्याच पैशांत ट्यूबा कमी घ्या आणि कागद चांगला घ्या. अठराच्या सेटवर खर्च करण्यापेक्षा सहा सुट्या ट्यूबा आणि उरलेल्या पैशात चांगला कागद, हा सल्ला मी प्रत्येकाला देते, आणि दुकानातून सेट घेऊन आलेल्यांना पाहून प्रत्येक वेळी जीव हळहळतो.

मळलेलं चित्र वाचवायचं असेल तर

आधी पूर्ण वाळू द्या. ओलं असताना दुरुस्त करायला गेलात तर तीच मधली अवस्था पुन्हा. वाळल्यावर स्वच्छ ओलसर ब्रशने मळका भाग हलक्या हाताने ओला करा, दहा सेकंद थांबा, कोरड्या फडक्याने टिपा, घासू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना बऱ्यापैकी उचलले जातात. प्रशियन आणि क्रिमसन कागदात मुरतात, त्यांचा डाग थोडा राहतोच. दोन-तीनदा टिपून झालं की थांबा. त्यानंतर कागदाचा पृष्ठभाग उसवतो. पुन्हा पूर्ण वाळल्यावर तिथे एकाच पुडीचा एकच पातळ थर द्या. काकांच्या पट्ट्यावर आम्ही पातळ क्रिमसन दिला. हिरवटपणा बराच दबला, आकाश धुळीच्या संध्याकाळसारखं झालं.

तरी नाहीच जमलं तर कागद उलटा करा. मागची बाजू कोरी आहे. सहा ट्यूबांच्या पंधरा चौकटी पेन्सिलने आखा, प्रत्येकीत एक जोडी, डावीकडे एक रंग जास्त, उजवीकडे दुसरा, आणि खाली दोघांची नावं लिहा. काकांचा तक्ता त्याच सूर्यास्ताच्या पाठीवर झाला. वर्मिलियन-अल्ट्रामरीनच्या चौकटीखाली त्यांनी "बाभळीचं खोड" असं लिहून ठेवलं आहे.